छेदात काय असतं?



ही व्याख्यानमाला ज्यांच्या स्मरणार्थ चालते ते गुरुजी आयुष्यभर गणित शिकवत राहिले. तरी या व्यासपीठावर साहित्य, इतिहास, शेती, पाणी असेच विषय जास्त झाले. यंदा गणित हवं, असं संयोजकांनी ठरवलं. मी विषय कळवला, ‘पर्म्युटेशन-कॉम्बिनेशनची गणितं’, तेव्हा फोनवर जरा शांतता पसरली. मग एकजण हळूच म्हणाले, ‘मॅडम, दुसरं काही नाही का?’ नाही. दुसरं काही नाही. आणि तुम्ही तरीही आलात, याबद्दल तुमचे आभार.

अकरावीतला हा धडा आठवून पाहा. त्यात कलन नाही, त्रिकोणमिती नाही, लांबलचक सूत्रं नाहीत. गुणाकार आणि भागाकार, संपलं. तरीही चांगली चांगली मुलं इथे अडखळतात. दोन हुशार मुलं एकच गणित सोडवतात, दोघांची उत्तरं वेगळी येतात आणि दोघांचंही म्हणणं पटतं! असं बीजगणितात होत नाही, भूमितीत होत नाही. इथेच का होतं?

माझं म्हणणं असं, की ही गणितं गुणाकारात चुकत नाहीत. कोणत्या दोन गोष्टी वेगळ्या धरायच्या आणि कोणत्या एकच मानायच्या, हे ठरवण्यात ती चुकतात. अंशात आपण सगळे फरक मोजतो. ज्या फरकांकडे आपण डोळेझाक करायचं ठरवलं, ते छेदात जाऊन बसतात. आज त्या छेदाबद्दल बोलायचं आहे.

सुरुवात आपल्या सोलापूरपासून करू. जानेवारीत आपली गड्ड्याची यात्रा भरते. सिद्धरामेश्वरांचे सात नंदीध्वज, म्हणजे मानाच्या काठ्या, निघतात. कुठल्या मानाची काठी पुढे, कुठली मागे, हे पिढ्यान् पिढ्या ठरलेलं आहे. समजा, क्षणभर समजा हं, मानकरी मंडळींनी रागावू नये, की हा क्रम ठरलेला नसता. मग किती प्रकारे या सात काठ्या एकामागे एक निघू शकल्या असत्या? पहिल्या जागेसाठी सात पर्याय. ती भरली की दुसऱ्या जागेसाठी सहा. मग पाच, चार, तीन, दोन, एक. गुणाकार करा: ५०४०. म्हणजे आपल्या परंपरेने ५०४० क्रमांतला एक निवडला आणि ५०३९ भांडणं कायमची मिटवली.

या मिरवणुकीत ६८ लिंगांना तैलाभिषेक होतो. ६८ ठिकाणी जायचे क्रम किती, म्हणून विचाराल तर ती संख्या ९७ अंकी आहे. विद्यार्थ्यांकडे असतो तो सायंटिफिक कॅल्क्युलेटर घ्या. ६९ पर्यंतच्या संख्यांचा असा गुणाकार तो देतो, ७० म्हटलं की हात टेकतो. आपली ६८ लिंगं त्याच्या आवाक्यात जेमतेम बसतात.

आता प्रश्न थोडा बदलते. सात काठ्यांपैकी कोणत्याही तीन काठ्यांचा फोटो काढायचा आहे. पहिली, दुसरी, तिसरी असा क्रम लावला तर सात गुणिले सहा गुणिले पाच, २१० फोटो. पण मला क्रमाशी देणंघेणं नसेल, फोटोत कोणत्या तीन आहेत एवढंच पाहायचं असेल, तर? त्याच तीन काठ्या आपसांत सहा प्रकारे उभ्या राहतात. म्हणजे मी प्रत्येक त्रिकूट सहा वेळा मोजलं. २१० भागिले सहा, ३५. हा सहा कुठून आला? डोळेझाक केली तिथून. छेद म्हणजे एवढंच.

हा भागाकार सर्वसाधारण नियम म्हणून लिहून ठेवला कोणी? इथे मला सोलापूरच्या एका पुस्तकाकडे वळायचं आहे. पुस्तक जुनं आहे आणि या गावात त्याची पुरेशी आठवण ठेवली जात नाही, अशी माझी तक्रार आहे.

सोलापूरचे ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी. १९४१ च्या उन्हाळ्यात त्यांनी नाशिकजवळच्या गजपंथा तीर्थावर विद्वान मंडळी जमवली आणि जैन संस्कृति संरक्षक संघाची स्थापना केली. आधी तीस हजार दिले, पुढे १९४४ मध्ये जवळजवळ दोन लाखांची सगळी मालमत्ता संघाच्या नावे केली. त्यातून जीवराज जैन ग्रंथमाला उभी राहिली. जुन्या प्राकृत-संस्कृत ग्रंथांच्या संशोधित आवृत्त्या या गावातून निघू लागल्या. ग्रंथमालेतलं पहिलंच पुस्तक होतं ‘तिलोयपण्णत्ती’, आणि त्यात गणित ठासून भरलेलं आहे. १९६३ मध्ये याच ग्रंथमालेत ‘गणितसारसंग्रह’ आला. ग्रंथकार महावीराचार्य, संपादन आणि हिंदी अनुवाद लक्ष्मीचंद्र जैन यांचा. त्याआधी हा ग्रंथ एम. रंगाचार्यांनी १९१२ मध्ये मद्रासहून इंग्रजी अनुवादासह काढला होता. पण हिंदी अनुवादासह तो हाती आला तो सोलापूरहून.

आणि सोलापूरहून यावा हे अगदी रास्त होतं. महावीराचार्य नवव्या शतकातले, साधारण ८५० च्या सुमाराचे. ग्रंथाच्या आरंभी त्यांनी राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष नृपतुंग याची स्तुती केली आहे. अमोघवर्षाची राजधानी मान्यखेट, म्हणजे आजचं मळखेड. इथून हैदराबादकडे जाताना कलबुर्गी जिल्ह्याच्या सेडम तालुक्यात ते लागतं. लांब नाही. याच राजाच्या दरबारात ‘कविराजमार्ग’ हा कन्नडमधला आद्य काव्यशास्त्रग्रंथ झाला. पुढे अकराव्या शतकात पावुलूरी मल्लना या कवीने महावीराचार्यांचं गणित तेलुगूत आणलं. म्हणजे बघा: ग्रंथ संस्कृत, राजा कन्नड, पहिलं भाषांतर तेलुगू, आणि प्रकाशन सोलापुरात! आपल्या पेठांमधून ज्या भाषा कानावर पडतात त्यातल्या बहुतेकांनी या एका पुस्तकाला हात लावला आहे.

या ग्रंथाच्या सुरुवातीला गणिताची थोरवी गायली आहे. गणित कुठे कुठे लागतं? संगीतात लागतं, नाट्यात लागतं, वैद्यकात, वास्तुविद्येत, छंदात, व्याकरणात, आणि हो, स्वयंपाकातही लागतं! पाकशास्त्राचा उल्लेख करायला आचार्य विसरले नाहीत.

त्यांचा निवडीचा नियम मी माझ्या शब्दांत सांगते. एकापासून चढत्या क्रमाने संख्या खाली मांडा, उतरत्या क्रमाने वर मांडा. वरच्यांचा गुणाकार, खालच्यांचा गुणाकार, आणि भागाकार. आज अकरावीच्या पुस्तकात जे सूत्र आहे ते हेच. सहा रसांचं उदाहरण घ्या. तुरट, कडू, आंबट, तिखट, खारट, गोड. एकेक घेतला तर सहा. दोन-दोन घ्यायचे? सहाला पाचने गुणा, दोनने भागा: १५. तीन-तीन? या १५ ला चारने गुणा, तीनने भागा: २०. पुढे तीनने गुणून चारने भागा: १५. मग ६. मग १. बेरीज ६३. वैद्यकात सुश्रुतसंहितेतही रसांचे हे ६३ भेद आहेत. गंमत पाहा, प्रत्येक पायरीवर भाग पूर्ण जातो. कधीच अपूर्णांक उरत नाही. का जातो? कारण पायरीपायरीवर तुम्ही माणसं, काठ्या, रस अशा अखंड गोष्टींची टोळकी मोजता आहात, आणि अडीच टोळकी नसतात.

आपली शेंगाचटणी या ६३ पैकी कितवी, ते तुम्ही घरी जाऊन ठरवा.

आचार्यांनी आणखी उदाहरणं दिली आहेत. हिरा, नीलम, पाचू, पोवळं, मोती यांतून किती प्रकारचे हार? ३१. केतकी, अशोक, चंपक आणि नीलकमळ या चार फुलांतून किती प्रकारच्या माळा? एकेका फुलाच्या चार, दोन-दोनांच्या सहा, तीन-तीनांच्या चार, सगळ्यांची एक. एकूण १५. आता फुलं बाजूला ठेवा आणि मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू घ्या. या चारपैकी निदान एक भाषा येणारे सोलापूरकर भाषेच्या हिशेबाने किती प्रकारचे? तेच, १५. या सभागृहात मला वाटतं पंधराही प्रकारचे लोक बसले असतील.

जाता जाता एक सांगायला हवं. याच महावीराचार्यांनी शून्याने भागलं तर संख्या तशीच राहते असं लिहून ठेवलं आहे. ते बरोबर नाही. पूर्वजांचा अभिमान बाळगायचा तर असा, डोळे उघडे ठेवून.

पुढे तीनशे वर्षांनी, ११५० मध्ये, भास्कराचार्यांची ‘लीलावती’ आली. तिच्या शेवटच्या भागाचं नाव अंकपाश. त्यातलं गणित मला फार आवडतं. शंभूच्या दहा हातांत दहा वस्तू आहेत: पाश, अंकुश, सर्प, डमरू, कपाल, त्रिशूळ, खट्वांग, शक्ती, बाण, धनुष्य. हातांतल्या वस्तू बदलत गेलं तर मूर्तीचे भेद किती? आणि हरीच्या चार हातांत शंख, चक्र, गदा, पद्म, त्याचे किती? हरीचे २४. ज्यांनी संध्या केली आहे त्यांना केशव, नारायण, माधव अशी चोवीस नावं ठाऊक असतील. मूर्तिशास्त्रात या चोवीस नावांच्या चोवीस मूर्ती आहेत आणि त्या शंख-चक्र-गदा-पद्मांच्या अदलाबदलीनेच ओळखतात. चार वस्तूंच्या सगळ्या मांडण्या, एकही न गाळता, दगडात कोरलेल्या! गणिताच्या शिक्षकाला याहून चांगला फळा कुठला मिळणार?

शंभूचे भेद ३६,२८,८००. हा आकडा लक्षात ठेवा, पुन्हा येईल. आमचा पंढरीचा विठ्ठल मात्र दोन हातांचा, आणि तेही कमरेवर. तिथे गणितच संपलं.

पंढरपूरवरून आठवलं. शब्दातली अक्षरं उलटीपालटी करून किती शब्द होतील, असं गणित परीक्षेत हमखास येतं. इंग्रजी पुस्तकांत त्यासाठी अमेरिकेतल्या एका नदीचं नाव देतात. आपल्याला इतक्या लांब जायची गरज नाही. सोलापूर: सो, ला, पू, र. चार वेगळी अक्षरं, २४ मांडण्या. अक्कलकोट: अ, क्क, ल, को, ट. पाच वेगळी, १२०. पंढरपूर: पं, ढ, र, पू, र. अक्षरं पाचच, पण उत्तर १२० नाही. दोन ‘र’ आहेत. त्यांची अदलाबदल केली तरी वाचणाऱ्याला काही कळत नाही. म्हणून १२० भागिले दोन, ६०. इथे कुणी हुशार मुलगा विचारतो, ‘मॅडम, काना-मात्रा सुटे धरले तर?’ तर उत्तर बदलेल. मग खरं उत्तर कोणतं? खरं उत्तर एकच नाही. आधी सांग, तू एक वस्तू कशाला म्हणतोस. ते ठरलं की उरलेलं कारकुनी काम.

आता जरा गोल फिरू. हादग्याचा फेर धरलाय, सात मुली. किती प्रकारे? ओळीत उभ्या असत्या तर ५०४०. पण फेर फिरतो. प्रत्येकीने एक पाऊल पुढे टाकलं तर कोण कुणाच्या शेजारी, यात बदल होत नाही. असे सात फिरवलेले क्रम एकच. ५०४० भागिले सात, ७२०. ठीक. आता सात वेगवेगळ्या रंगांचे मणी घ्या आणि गोल ओवा. तेही ७२०? नाही. माळ उचलून पालथी घालता येते. उजवीकडचा मणी डावीकडे जातो, माळ तीच. म्हणून आणखी दोनने भागा: ३६०. मुलींच्या फेराला असं पालथं घालता येत नाही, सगळ्या मुली आत तोंड करून पाटावरच्या हत्तीकडे पाहत असतात. आकार तोच, संख्या तीच, उत्तर निम्मं. सूत्र पाठ करून हे कळेल का?

इथपर्यंत सगळं सोपं होतं. फरक विसरायचा, तेवढ्याने भागायचं. आता मी तुम्हाला अडवणार आहे.

चादर घेऊ. सोलापुरात येऊन चादर नको, असं कसं चालेल? समजा चादरीवर पाच आडवे पट्टे आहेत आणि तीन रंगांचं सूत आहे: लाल, निळा, पिवळा. शेजारी एकच रंग आला तरी चालेल. किती प्रकारच्या चादरी? प्रत्येक पट्ट्याला तीन पर्याय, पाच वेळा तीन: २४३. पण चादर पलंगावर टाकताना डोक्याकडची बाजू पायाकडे गेली तर ती दुसरी चादर होते का? दुकानदार तर दोन्हीला एकच म्हणेल. म्हणजे दोन टोकं सारखी. मग दोनने भागा. २४३ भागिले दोन?

साडे एकशे एकवीस. अर्धी चादर कुणाला विकणार?

थोडा वेळ थांबते. हा अर्धा आला कुठून, याचा विचार करा. इथे भल्याभल्यांची गाडी रुळावरून घसरते.

कारण असं आहे. लाल-निळा-पिवळा-पिवळा-लाल ही चादर फिरवली की लाल-पिवळा-पिवळा-निळा-लाल अशी दिसते. दोन वेगळे क्रम, एक चादर. ही दोनदा मोजली गेली, तिला दोनने भागणं रास्त. पण लाल-निळा-पिवळा-निळा-लाल? ही फिरवली तरी तशीच दिसते. तिला मी एकदाच मोजलं होतं. तिला दोनने भागलं तर तिच्यावर अन्याय होतो. अशा, दोन्हीकडून सारख्या दिसणाऱ्या चादरी किती? पहिले तीन पट्टे ठरले की उरलेले दोन आपोआप ठरतात. तीन गुणिले तीन गुणिले तीन, २७. उरलेल्या २१६ जोड्याजोड्यांनी येतात, त्यांच्या १०८. अधिक २७. एकूण १३५ चादरी.

मघाशी मण्यांच्या माळेत भागाकार बिनबोभाट जमला, कारण सगळे मणी वेगळे होते. पालथी घातल्यावर जशीच्या तशी राहणारी माळ एकही नव्हती. भागायचं केव्हा? प्रत्येक वस्तू सारख्याच वेळा मोजली गेली असेल तेव्हा. नसेल तर भागाकार खोटा. याला एक सुंदर उपाय आहे. चादर तशीच ठेवली तर न बदलणारे क्रम २४३, फिरवली तर न बदलणारे २७. दोन्हींची सरासरी घ्या: १३५. हा नियम बर्नसाइड या इंग्रज गणितज्ञाच्या नावाने चालतो, जरी मुळात तो त्यांचा नव्हता. गणितातली निम्मी नावं चुकीच्या माणसांना चिकटलेली आहेत. ज्याला जग पास्कलचा त्रिकोण म्हणतं, तो आपल्याकडे हलायुधाने पिंगलाच्या छंदसूत्रांवरच्या टीकेत मेरुप्रस्तार म्हणून दहाव्या शतकातच समजावून दिला होता. असो.

चादरीचा विषय निघालाच आहे तर एवढंच बोलते: जकार्डच्या मागावर जे कार्ड चढतं, त्यात एकेका जागी भोक असतं किंवा नसतं. आठ जागा असतील तर २५६ प्रकार. पिंगलाने लघु आणि गुरू मांडले तेही असेच. आठ अक्षरांचा चरण, २५६ प्रकार. छंदशास्त्र आणि माग यांचा हिशेब एकच.

आता चुकांकडे येते, कारण या विषयात चुकाच जास्त शिकवतात. नऊ जणांचं एक मंडळ आहे. चार स्त्रिया, पाच पुरुष. तिघांची समिती करायची, अट अशी की निदान एक स्त्री हवी. बहुतेक मुलं काय करतात? आधी अट पुरी करून टाकतात. चारपैकी एक स्त्री निवडली, चार प्रकार. उरलेल्या आठांतून कुणीही दोघं, २८ प्रकार. चार गुणिले २८, ११२. किती स्वच्छ वाटतं! आता अट काढून टाका. नऊ जणांतून कुणीही तिघं, किती समित्या? नऊ गुणिले आठ गुणिले सात भागिले सहा, ८४.

एकूण समित्याच ८४, आणि अट घातल्यावर ११२? अट घातली की पर्याय वाढतात, असं या देशात कुठे घडतं मला माहीत नाही. निदान सरकारी कचेरीत तरी नाही.

काय झालं? ज्या समितीत दोन स्त्रिया आहेत ती दोनदा मोजली गेली. एकदा पहिली स्त्री ‘अटीची’ आणि दुसरी ‘उरलेल्यांतली’, मग उलट. तिन्ही स्त्रिया असतील तर तीनदा. पडताळा घ्या. एकच स्त्री असलेल्या समित्या ४०, दोन स्त्रियांच्या ३०, तीन स्त्रियांच्या ४. बेरीज ७४. आणि ४० अधिक तीसची दुप्पट अधिक चारची तिप्पट? ११२. चूक कुठे आहे ते पैशापर्यंत सापडलं. लक्षात घ्या, इथेही सगळे सारख्या वेळा मोजले गेले नाहीत, म्हणून कशाने भागून ही चूक दुरुस्त होणार नाही. सोपा रस्ता उलटा आहे. अट मोडणाऱ्या समित्या मोजा: पाच पुरुषांतून तिघं, १०. चौऱ्याऐंशीतून दहा गेले, ७४. ‘निदान एक’ हे शब्द दिसले की आधी ‘एकही नाही’ मोजायचं. हा नियम मी मुलांना वहीच्या पहिल्या पानावर लिहायला लावते.

त्याच युक्तीचं एक झटपट उदाहरण. तुमच्या एटीएम कार्डाचा पिन चार अंकी. एकूण १०,०००. त्यात निदान एक अंक पुन्हा आलेला असे पिन किती? उलट मोजा. एकही अंक पुन्हा न येणारे: दहा गुणिले नऊ गुणिले आठ गुणिले सात, ५०४०. अरे! ५०४०? सात नंदीध्वजांचा आकडा इथे कसा? योगायोग आहे, पण गोड आहे. दहा गुणिले नऊ गुणिले आठ म्हणजे ७२०, आणि एक ते सहाचा गुणाकारही ७२०च. म्हणूनच शंभूच्या दहा हातांचा तो ३६,२८,८०० हा आकडा म्हणजे ७२० गुणिले ५०४०. मग अंक पुन्हा येणारे पिन उरले ४९६०, जवळजवळ निम्मे. (आपला पिन मनात आणू नका, चेहऱ्यावर दिसतो.)

आणि ५०४० ची तिसरी गाठ देवगिरीला पडते. तेराव्या शतकात यादव राजा सिंघणाच्या पदरी शार्ङ्गदेव नावाचा एक अधिकारी होता. हुद्दा हिशेबाच्या खात्याचा, आणि ग्रंथ लिहिला ‘संगीतरत्नाकर’. हिशेबनीस माणूस संगीतावर लिहायला बसला तर काय करेल? त्याने सात स्वरांचे सगळे क्रम मोजले, ५०४०, आणि मोजून थांबला नाही. त्याला दोन प्रश्न पडले. यादीतली अमुक क्रमांकाची तान कोणती, हे सगळी यादी न लिहिता सांगता येईल का? आणि उलट, ही तान यादीत कितवी, हे सांगता येईल का? पहिल्याला त्यांच्याकडे नष्ट म्हणतात, दुसऱ्याला उद्दिष्ट. उत्तरासाठी त्याने खंडमेरू नावाचं एक कोष्टक दिलं आहे. म्हणजे गणिताचा प्रश्न ‘किती?’ इथून निघाला आणि ‘कितवा?’ इथे पोचला. आज संगणकाला असंख्य मांडण्यांतून नेमकी एक उचलायची असते तेव्हा तो हेच करतो.

करून पाहू. सो, ला, पू, र या चार अक्षरांच्या चोवीस मांडण्या शब्दकोशाच्या क्रमाने लावल्या तर ‘सोलापूर’ कितवं? शब्दकोशात आधी पू, मग र, मग ला, मग सो. सोलापूरचं पहिलं अक्षर सो, म्हणजे पू, र आणि ला यांनी सुरू होणारे सहा-सहांचे तीन गट आधी होऊन गेले: १८. दुसरं अक्षर ला. उरलेल्या पू, र, ला यांत त्याच्या आधी दोन अक्षरं, प्रत्येकाच्या दोन मांडण्या: ४. पुढे पू आणि र क्रमानेच आहेत, काही वाढत नाही. अठरा आणि चार, बावीस आधी होऊन गेले. सोलापूर तेविसावं. चोवीसपैकी तेविसावं! सरकारी याद्यांमध्येही आपला नंबर साधारण तिथेच असतो, म्हणून आश्चर्य नाही. उलटा प्रश्न, दहावा शब्द कोणता, हा तुमच्यासाठी. ‘रलासोपू’ आला तर तुम्ही शार्ङ्गदेवाचे शिष्य.

शेवटचा मुद्दा थोडक्यात घेते, घड्याळ मला दिसतं आहे. किती आणि कितवा, याच्यापुढे तिसरा प्रश्न असतो: अशी एक तरी मांडणी आहे का? थोर गणितज्ञ ऑयलर यांनी १७८२ मध्ये एक कोडं मांडलं. सहा पलटणी, प्रत्येक पलटणीतून सहा हुद्द्यांचे सहा अधिकारी, एकूण ३६. त्यांना सहा बाय सहाच्या चौकोनात असं उभं करायचं, की प्रत्येक आडव्या आणि उभ्या ओळीत प्रत्येक पलटण एकदा आणि प्रत्येक हुद्दा एकदा यावा. ऑयलरना ते जमलं नाही. त्यांनी अंदाज बांधला की सहाला जमणार नाही, दहाला जमणार नाही, चौदाला जमणार नाही, अठराला, बावीसला, अशा कोणत्याच संख्येला जमणार नाही. सहाचं त्यांचं म्हणणं खरं ठरलं. १९०१ मध्ये तारी या फ्रेंच गृहस्थाने एकेक शक्यता तपासून ते सिद्ध केलं. बाकीच्या संख्यांबद्दल पावणेदोनशे वर्षं कुणी ऑयलरच्या शब्दाबाहेर गेलं नाही.

गेला तो नागपूरला शिकलेला एक मराठी माणूस. शरदचंद्र शंकर श्रीखंडे. १९५९ मध्ये अमेरिकेत आपले गुरू राजचंद्र बोस यांच्यासह त्यांनी बावीसचा चौकोन बांधून दाखवला. पार्कर या आणखी एका गणितज्ञाने दहाचा बांधला. मग तिघांनी मिळून सिद्ध केलं की दोन आणि सहा सोडले तर ऑयलर सगळीकडे चुकले. त्या वर्षीच्या २६ एप्रिलला ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या पहिल्या पानावर ही बातमी छापून आली. गणिताची बातमी, पहिल्या पानावर! श्रीखंडे पुढे मुंबई विद्यापीठात गणित विभागाचे प्रमुख झाले, १०२ वर्षं जगले आणि २०२० मध्ये गेले.

दहाच्या आकाराचे असे एकमेकांशी जुळणारे दोन चौकोन, एक पलटणींचा आणि एक हुद्द्यांचा, आहेत, हे त्या तिघांमुळे कळलं. तीन आहेत का? तिघेही आपसांत जुळतील असे, दहा बाय दहाचे तीन चौकोन? हा प्रश्न आजही उघडा आहे. कागद, पेन्सिल आणि दहा रंगांचं सूत एवढ्यावर सुरुवात करता येते. कुणाला काही विचारायचं असेल तर आता विचारा.